डॅक, मिरजेचा तानपुरा आणि बाबांचा उजवा कान

डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनलॉग कन्व्हर्टर. तुमच्या मोबाइलमध्ये एक आहे, लॅपटॉपमध्ये एक आहे, टीव्हीत आहे, ब्लूटूथ इअरबड वापरत असाल तर प्रत्येक कानात एकेक आहे. फाइलमधले आकडे घ्यायचे आणि त्यांचं व्होल्टेज करायचं, एवढंच त्याचं काम. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये हे आकडे सेकंदाला ४४,१०० वेळा येतात, प्रत्येक १६ बिटांचा. १९८२ साली पहिल्या सीडी बाजारात आल्या तेव्हा हे काम नीट करणं महागडं होतं. आज हजार रुपयांच्या आतला यूएसबी डाँगलसुद्धा ते व्यवस्थित करतो.

मग एका बऱ्या स्कूटरच्या किमतीचा आरएमईचा एडीआय-२ डॅक मी का घेतला? हा प्रश्न बायकोने विचारून झालेला आहे, तुम्ही परत विचारू नका.

तर सेटअप. यूएसबी केबल लावली की आवाज येतोच, त्यात काही शौर्य नाही. पण आवाज येणं वेगळं आणि फाइलमधला प्रत्येक बिट जसाच्या तसा डॅकपर्यंत पोचणं वेगळं. विंडोजचा मिक्सर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करतो आणि सगळ्यांना एकाच सॅम्पल रेटवर आणतो. गाणं चालू असताना मेलची 'टिंग' वाजते ती त्याच्याच कृपेने. तो टाळायचा तर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह मोड निवडायचा आणि सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा. मग 'टिंग' बंद, डॅकवर फक्त प्लेअरची सत्ता. या डब्यात एक भारी सोय आहे: कंपनीने दिलेली एक खास वेव्ह फाइल वाजवायची, वाटेत एक बिट जरी बदलला नसेल तर स्क्रीनवर 'पास' असं येतं. आमच्या धंद्यात युनिट टेस्ट हिरवी झाली की जो आनंद होतो, तोच. (हो, मी त्याचा फोटो काढला.)

दुसरा प्रकार जास्त चिवट निघाला. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून 'घुंऽऽ'. हा ग्राउंड लूप. लॅपटॉप आणि स्पीकर दोघांनाही भिंतीतून अर्थिंग मिळतं, शिवाय दोघं सिग्नलच्या केबलनेही जोडलेले, म्हणजे अर्थचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्झची मेन्स फिरत राहते. यावर एक जुना इलाज सर्रास सांगितला जातो: तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका. घुंऽ जातं, पण ती पिन शॉक लागू नये म्हणून असते, त्यामुळे हे करू नका. मी साध्या आरसीए केबल काढून एक्सएलआरच्या बॅलन्स्ड केबल लावल्या. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवरून उलटसुलट जातो, स्पीकर त्या दोघांतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखीच आलेली गुणगुण वजा होते. शांतता.

आता मुख्य परीक्षा. डाँगल आणि हा डॅक, दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने मोजून सारखा केला (हे महत्त्वाचं, कारण जरा मोठा वाजणारा आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो), आणि बायकोने पाठीमागे उभं राहून नाणं उडवत केबल बदलली. सोळा वेळा. माझी नऊ उत्तरं बरोबर आली. नुसत्या नशिबाने आठ येतात आणि काहीतरी ऐकू येतंय असं म्हणायला किमान बारा लागतात. म्हणजे माझ्या हेडफोनवर, माझ्या कानांना, फरक नाही. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागतं.

पण डब्यात कन्व्हर्टरच्या पुढेमागे बरंच काही आहे. उदाहरणार्थ लाउडनेस. आवाज कमी केला की कान सगळ्या स्वरांना सारखं वागवत नाही, खालचे स्वर आधी हरवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख छापले होते, आणि जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस'चं बटण असायचं ते यासाठीच. पुण्यातल्या वन बीएचकेत रात्री अकरा वाजता ऐकायचं म्हणजे आवाज बारीक, आणि बारीक आवाजात डग्ग्याचा घुमारा पार नाहीसा. हा डॅक व्हॉल्यूम जसा खाली येईल तसा बेस आणि ट्रेबल आपोआप उचलतो. खालच्या मजल्यावरचे काका खूश, मी खूश.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसलो: पाच बँडचा पॅरामेट्रिक इक्वलायझर, डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा लावता येणारा.

आमचे बाबा मिरजेचे. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेले. गात नाहीत, पण तानपुरा लागलाय की नाही हे रस्त्यावरून जाताना सांगायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी गाणं ऐकणं हळूहळू सोडलं. "हल्लीचे तानपुरे कापूस भरल्यासारखे वाजतात," म्हणतात. तानपुऱ्यात कापूस नाही हे आम्हाला ठाऊक होतं. ऑडिओग्रॅम काढला तेव्हा ४००० हर्ट्झला डाव्या कानात ४० डेसिबलचा तोटा आणि उजव्यात ५५. वयानुसार वरचे स्वर आधी जातात, आणि तानपुऱ्याचा जीव नेमका तिथेच असतो. घोडीवर तारेखाली तो सुताचा धागा सरकवून जवारी लावतात ना, त्याने वरच्या हार्मोनिक्सचा तो झणकार उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता: तार जिथे छेडली तर एखादा हार्मोनिक उमटूच नये, तिथे छेडूनही तो तानपुऱ्यात जोरकस ऐकू येतो. हे सगळं गाळून टाका, उरतो कापूस.

श्रवणयंत्र घ्या म्हटलं, तर "मशीन लावायला मी काय म्हातारा झालोय?" वय वर्षं अडुसष्ट.

मागच्या महिन्यात आई-बाबा पुण्याला आले होते. ऑडिओग्रॅम समोर ठेवून मी प्रीसेट बनवला. श्रवणयंत्रात ढोबळमानाने जेवढा तोटा त्याच्या निम्म्याच्या आसपास आवाज वाढवतात. या डब्यात एका बँडला १२ डेसिबलच मिळतात, मी उजव्याला १० आणि डाव्याला ६ वर थांबलो, एकूण व्हॉल्यूम बराच खाली. जास्त जोर लावला तर अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, म्हणून बेताने. दिवाळीत मिरजेला त्यांच्या मित्राकडच्या तानपुऱ्याचं दहा मिनिटं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, ते लावलं. हेडफोन त्यांच्या डोक्यावर.

पाचेक मिनिटं डोळे मिटून. मी वाट बघतोय. शेवटी म्हणाले, "पंचम उतरलाय जरा."

मी ट्यूनर लावून बघितला. खरंच उतरलेला होता, अगदी किंचित. मला अर्ध्या वर्षात कळलं नव्हतं.

त्यानंतर चार दिवस डॅक माझा राहिला नाही. रोज दुपारी हेडफोन लावून बसायचे. बायकोने हे पाहून स्कूटरचा विषय काढणं बंद केलं.

पण एक भानगड झाली आहे. आता ते म्हणतात, "हे एवढं छान ऐकू येतंय, मग ते कानातलं यंत्र कशाला?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, म्हणजे आहे, पण ते त्यांना पटत नाही. डॅक टेबलावर असतो, वायरने बांधलेला. 'स', 'श', 'त' ही व्यंजनंही त्याच वरच्या पट्टीत असतात, आणि ती स्वयंपाकघरातून येतात तेव्हा त्यांना कुठला इक्वलायझर लावणार? आई आतून दोनदा "अहो, चहा" म्हणाली, तिसऱ्यांदा बाहेर येऊन कप ठेवून गेली. तिला याची सवय झालीये, आणि तीच गोष्ट मला बरी वाटत नाही.

जाताना त्यांना मिरजेसाठी तसाच प्रीसेट असलेला छोटा डॅक हवा होता. मी म्हटलं, देतो, पण आधी ऑडिओलॉजिस्टकडे यंत्राची ट्रायल घ्यायची, दोन आठवडे. बाबा म्हणाले, एक. सध्या दहा दिवसांवर बोलणी अडली आहेत. आईने परस्पर अपॉइंटमेंट घेऊन टाकली आहे, ते त्यांना अजून माहीत नाही.