अकरा दिवस पर्समध्ये ठेवलेला कागद

आज मी जी गोष्ट लिहिणार आहे ती चारचौघांत बोलायची नसते, असे माझ्या आईने मला शिकवले होते. तिच्या आईनेही तिला तेच शिकवले असणार. तरीही लिहिते आहे.

मी वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय चव्वेचाळीस. दोन मुली आहेत. यजमान एस.टी.त वाहक आहेत. वर्षभरापासून मला अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास होता. दोनदा पाळी नसतानाही रक्त दिसले होते. पाळी जाण्याचे दिवस जवळ आले असतील, अशी मीच माझी समजूत घालून घेतली. माझी नणंद नागपूरला परिचारिका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली तेव्हा बोलता बोलता तिच्या कानावर घातले. जाताना ती माझ्याकडून कबुलीच घेऊन गेली की पॅप तपासणी करून घेईन.

ही तपासणी म्हणजे काही मोठे प्रकरण नाही. गर्भपिशवीच्या तोंडावरून एक लहानशी पट्टी हलकेच फिरवतात, तिला लागलेल्या पेशी काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरांनी अमेरिकेत ही पद्धत बसवली आणि १९४३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्याच नावातला हा 'पॅप'. दुखत नाही, अवघडल्यासारखे होते एवढेच. दोन मिनिटांचे काम. पण त्या दोन मिनिटांसाठी टेबलावर जाऊन पडायला मला दीड महिना लागला.

जुलैमध्ये शाळा सुटल्यावर वर्ध्याला जाऊन रिपोर्ट घेतला. लॅबमधल्या मुलाने पाकीट देताना माझ्याकडे पाहिले नाही, फक्त म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांना लवकर दाखवून घ्या." बसस्थानकाच्या बाकड्यावर बसून मी पाकीट उघडले. डी.एड. झाल्यावर मी बाहेरून एम.ए. केलेले आहे, इंग्रजी वाचता येते. पण 'हाय ग्रेड स्क्वॅमस इंट्राएपिथेलियल लिजन' यातला मला फक्त 'हाय' कळला. बाकीचे कळले नाही म्हणून मी ते सगळे 'कॅन्सर' असे वाचले.

तसे वाचण्याला कारण होते. १९९३ साली माझी आत्या याच आजाराने गेली. कापूस वेचायला जाणारी बाई, दिवसभर कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेली असायची. अंगावरून जाते, वास येतो, हे तिने कोणाला सांगितले नाही. जास्त कपडा घ्यायची आणि नदीवर सगळ्यांच्या आधी, अंधारात जाऊन धुऊन आणायची. रात्री ओसरीच्या टोकाला झोपायची. आम्हां पोरींना वाटे की आत्या रागावली आहे. नागपूरला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता शेक देऊ. शेक दिले, घरी आणले. चार महिन्यांत गेली. वारली तेव्हा आईने शेजारणीला सांगितले की पोटाचा विकार होता. माझ्या आत्याच्या मरणाचे खरे कारणसुद्धा घरातच ठेवले गेले.

आणि मी, तिची शिकलेली भाची, काय केले? तो कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावून टाकली. अकरा दिवस. शाळेत पाढे घेतले, परिपाठ घेतला, घरी भाकरी थापल्या. रात्री मुलींकडे पाहत जागी राहायचे आणि हिशेब करायचे. थोरली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी दहावीला, घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी. यजमानांनी दोनदा विचारले, "काय झाले? बोलत का नाहीस?" मी म्हणाले, डोके दुखते.

बाराव्या दिवशी एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद अर्धा मिनिट पाहिला. म्हणाले, "दोन मुली आहेत ना? मग आता पिशवी ठेवून काय करता? काढून टाका. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या." खर्च पंचेचाळीस हजार. खरे सांगते, मला बरे वाटले. कोणीतरी काहीतरी नक्की सांगितले, एवढ्यानेच जीव भांड्यात पडला. आमच्या मोहल्ल्यात पिशवी काढलेल्या बाया मी बोटांवर मोजू शकते, त्यांतल्या दोघी पस्तिशीच्याही आतल्या. पांढरे जाते, काढा पिशवी. कंबर दुखते, काढा पिशवी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले, शासनाने समिती नेमली. पण ही गोष्ट काही एकट्या बीडची नाही.

पैशांची जुळवाजुळव करायची म्हणून नणंदेला फोन केला. ती एकदम ताडकन म्हणाली, "वहिनी, तुकडा तपासला का? नाही? मग कशाच्या आधारावर पिशवी काढतात? आत खरंच कॅन्सर असला तर ते ऑपरेशन पुरत नाही, आणि नसला तर त्याची गरजच नाही. तुम्ही आधी सेवाग्रामला जा." मग हळू आवाजात विचारले, "दादाला सांगितलं?" मी गप्प राहिले. त्या रात्री यजमानांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अकरा दिवस? एकटीनं?" पुढे काही बोलले नाहीत. सकाळी रजेचा अर्ज टाकून आले.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील डॉक्टरांनी सुरू केलेल्या विमा योजनेत एकेकाळी खेड्यातले लोक वर्गणी म्हणून ज्वारी देत असत, हे माझे वडील सांगायचे. केसपेपर काढून रांगेत बसले. माझ्या बाजूला समुद्रपूरकडची एक म्हातारी होती, पदर नाकाला लावून बसलेली. तो वास मी ओळखला. मी माझी जागा बदलली नाही. एवढेच मला करता आले.

माझी मुलीच्या वयाची डॉक्टर होती. तिने केसपेपरच्या मागे पेनाने चित्र काढले, उलट्या लोट्यासारखी गर्भपिशवी आणि खाली तिचे तोंड. म्हणाली, "मावशी, हा रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नाही. पेशी बदलायला लागल्या आहेत, जास्त बदलल्या आहेत, एवढंच तो सांगतो. कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. आपण त्याच्या आधी आलो आहोत. कुठे आणि किती, ते आता बघू." हे वाक्य मला बसस्थानकाच्या बाकड्यावर कोणी सांगितले असते तर!

मग दुर्बिणीची तपासणी झाली, तिला कॉल्पोस्कोपी म्हणतात. दुर्बीण बाहेरच असते, आत जात नाही. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे आपल्या घरच्या व्हिनेगरचीच जात. बदललेल्या पेशी असतील ती जागा पांढरी पडते. पडद्यावर मला दाखवले. गुलाबी कातडीवर साईसारखा पांढरा डाग. तेथून चिमट्याने तांदळाएवढे दोन तुकडे घेतले. कळ आली, पण दात काढताना येते त्याहून कमीच. तुकड्यांचा निकाल आला, सी.आय.एन. तीन. म्हणजे पेशींचा बदल वरच्या थरात पूर्ण पसरलेला, पण खाली उतरलेला नाही. कॅन्सर नाही. अशा सगळ्याच जणींना पुढे कॅन्सर होतो असे नाही. पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून तेवढा भाग काढून टाकतात. लीप नावाच्या पद्धतीत विजेच्या बारीक तारेच्या फासाने तो खरवडून निघतो. जागेवर इंजेक्शन, पंधरा-वीस मिनिटे, संध्याकाळी घरी. पिशवी जागच्या जागी. पुढे दोन-तीन आठवडे काळपट पाणी जाते, जड उचलायचे नाही आणि महिनाभर पतीपत्नीने दूर राहायचे.

आता जे सांगायचे आहे ते सगळ्यांत अवघड. डॉक्टरांनी सांगितले होते की हा आजार एका विषाणूमुळे होतो, एच.पी.व्ही. त्याचे नाव, आणि तो शरीरसंबंधातून येतो. मी हे यजमानांना सांगितले, कारण लपवण्याचे परिणाम मी अकरा दिवस भोगले होते. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग विचारले, "म्हणजे कुठून आला?" त्या तीन शब्दांत सगळे होते. माझ्यावरचा संशय होता, आणि मलाही त्या क्षणी त्यांच्यावर संशय आला. एस.टी.चा वाहक, मुक्कामी गाड्या, डेपोतल्या रात्री. एकवीस वर्षांच्या संसारात जो विचार कधी आला नाही तो एका कागदाने आणला.

पुढच्या खेपेला मी त्यांना ओपीडीत आत घेऊन गेले. डॉक्टर मुलगी लाजली नाही की आम्हांला लाजवले नाही. म्हणाली, "काका, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. सर्दीसारखा येतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात तसाच राहतो. कधी आला, कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो." बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी दोन चहा सांगितले. माफी वगैरे मागितली नाही, मीही मागितली नाही. पण घरी येताना माझी पिशवी त्यांनी धरली होती. आमच्यात ती गोष्ट पूर्ण मिटली का? मिटली असे म्हणणार नाही. निजली आहे.

थोरलीने कॉलेजच्या पुस्तकातून एक माहिती काढून दाखवली. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची काळी स्त्री होती, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली ती गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली. दवाखान्यात तिला न विचारता तिच्या पेशी घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळांतून आजही वाढवल्या जातात. हा आजार विषाणूमुळे होतो हे शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांना, झूर हाउझेन यांना, तिच्याही पेशींत तो सापडला. त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. तिच्या घरच्यांना या पेशींची वीसेक वर्षे खबरही नव्हती. हे ऐकताना मला आत्या आठवली. तिचे तर नावही कोठे नाही.

वर्षावासात विहारात आमचे रोज वाचन असते. शेवटच्या आठवड्यात, वाचन संपल्यावर, मी बायांना थांबवले आणि सगळे सांगितले. विषाणूचेही सांगितले. सुरुवातीला माना खाली गेल्या. एक आजी म्हणाली, "मास्तरीणबाई, बुद्धासमोर काहून बोलता असं?" दुसरीने तिला गप्प केले, "बोलू द्या न वो. माही बहीण अशीच गेली." मग हळूहळू बोलणे निघाले. चौतीस बायांपैकी पॅप तपासणी झालेली मी सोडून एकही नव्हती. हे काही आमच्याच गावाचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांत दोनसुद्धा स्त्रिया निघाल्या नाहीत ज्यांची ही तपासणी कधी झाली होती. आणि जागतिक अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात या आजाराने आपल्या देशात जवळपास ऐंशी हजार बाया गेल्या.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, २००० सालाच्या सुमारास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक खेड्यातल्या बायांचा अभ्यास केला. ज्या गावांत एकदाच एच.पी.व्ही.ची तपासणी आणि लागेल तिथे उपचार झाले, तेथे पुढील आठ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. तुलनेसाठी ज्या गावांत तपासणी केली नाही त्यांच्याबद्दल पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण एका तपासणीने एवढा फरक पडतो, आणि तोही आपल्यासारख्याच कापूस-तुरीच्या खेड्यांत, हे मी विहारात दोनदा सांगितले. धाकटीला लस देण्याचे आम्ही ठरवले आहे. पुण्याच्या सीरमने २०२३ साली भारतात तयार केलेली लस आणली. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते, हे थोरलीने तिला बजावले आहे.

माझी सेवाग्रामची पुढची तारीख मार्चमध्ये आहे. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या आहेत, तरी पुन्हा तपासायचे. मनात धाकधूक आहे, नाही असे नाही. कागद आता घरातल्या फाईलमध्ये असतो, वीजबिलांच्या खाली. या खेपेला मोहल्ल्यातल्या दोघी माझ्यासोबत येणार आहेत. एकीचा नवरा स्वतः गाडीभाडे देतो म्हणाला. दुसरीने घरी अजून सांगितलेले नाही. "मास्तरीणबाईसोबत शाळेच्या कामानं वर्ध्याले जातो, असं सांगीन," म्हणाली. मी म्हटले, या वेळी तसेच सांग. सकाळी सातची गाडी आहे.