चार चुडांत एक गोळी

मी पवन मावळातली. आमचं घर भातशेतीचं. पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शनिवारी लोणावळ्याची लोकल धरायची, कामशेतला उतरायचं आणि पवनानगरच्या एस.टी.नं घर गाठायचं, हा माझा ठरलेला रस्ता.

घरी आई, आबा आणि माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादा ३१ वर्षांचा आहे, पण त्याची समज लहान मुलाएवढीच राहिली. गावात त्याला मतिमंद म्हणतात; सरकारी कागदात आता बौद्धिक दिव्यांग असा शब्द आहे. पाहुणे आले की दादाला मागच्या पडवीत बसवायचं, ही आमच्या घरची रीत. ती कुणी वाईट हेतूनं पाडली नव्हती. आई त्याला भरवायची, आंघोळ घालायची, सदऱ्याची बटणं लावायची. मीही तेच करत आले. सेवा म्हणजे दुसऱ्याचं सगळं आपण करणं, अशी माझी समजूत. नर्सिंगला गेले तीही त्याच समजुतीनं.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पंधरा दिवस साधना व्हिलेजमध्ये स्वयंसेवक म्हणून राहिले. ही संस्था मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात आहे, म्हणजे आमच्या तिकोन्याच्या पलीकडच्या अंगाला. १९९४ साली ती सुरू झाली. बौद्धिक दिव्यांग असलेली मोठी माणसं तिथं राहतात. वॉर्ड नाही, खाटांची रांग नाही. घरं आहेत, आणि घरात गृहमाता. सगळी मिळून जेवतात, आणि ज्याला जे जमेल ते काम करतात. अशा एकत्र राहण्याची कल्पना जगात काही नवी नाही. व्हिएन्ना सोडून आलेले डॉ. कार्ल क्योनिग यांनी १९४० साली स्कॉटलंडमध्ये कॅम्पहिल नावाची अशीच वस्ती उभी केली होती. पण मला ती पाहायला मिळाली आपल्या डोंगरापलीकडे.

पहिल्याच सकाळी मी चुकले. एक मावशी झग्याची बटणं लावत होत्या. एक बटण, मग थांबणं, मग दुसरं. मी सवयीनं पुढं झाले आणि भराभर बटणं लावून टाकली. मावशींनी माझ्याकडं पाहिलं, सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून लावायला लागल्या. गृहमाता हसून म्हणाल्या, "पोरी, त्यांना उशीर लागतो, पण येतं. तू नुसती जवळ थांब."

जवळ थांबणं! रुग्णालयात आम्हाला थांबायला वेळ कुठला? मला ते फार जड गेलं. पण पंधरा दिवसांत दिसलं, की कामाचे लहान लहान तुकडे केले, रोज त्याच क्रमानं ते करून दाखवले, तर पुष्कळ गोष्टी जमतात. आठवड्यानं मी लसूण सोलत होते, तर त्याच मावशींनी माझ्या हातातली पाकळी काढून घेतली आणि ती कशी चोळायची ते मला दाखवलं. त्या दिवशी शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे मला कळलं.

लावणीच्या दिवसांत घरी आले. आमच्याकडं इंद्रायणी असतो, वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला. आबा चारसूत्री पद्धतीनं लावतात. दोरीवर लावणी झाली, की चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी बोटभर खोल खोचायची. मी म्हटलं, "आबा, गोळ्या दादा खोचेल."

आई ताडकन म्हणाली, "लोक काय म्हणतील? येड्या पोराला राबवतात म्हणतील."

तरी नेलं. पहिल्या दिवशी दादानं मूठभर गोळ्या एकाच जागी दाबल्या. आबा चिडले. खत काय फुकट येतं? मलाही रडू आलं. रात्री ओसरीवर बसून मी चार खडे मांडले आणि मधे एक चिंचोका ठेवला. दादानं पाहिलं. पुन्हा मांडले. पन्नास वेळा तरी झालं असेल. दुसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्याला खाचरात उभं केलं. मी नुसती जवळ थांबले. चार चूड, एक गोळी. मधेच विसरायचा, आभाळाकडं बघत राहायचा. तरी दुपारपर्यंत एक खाचर झालं. घरी आल्यावर हात साबणानं त्याचे त्यानंच धुतले.

रात्री आबा जेवताना एवढंच म्हणाले, "उद्या त्याला लवकर उठव."

आई मात्र झोपली नाही. "आमच्या माघारी याचं कसं?" हा तिचा जुनाच प्रश्न. एका खाचरानं तो सुटत नाही, हे मलाही कळतं. पण जी माहिती मिळाली ती सांगते, कारण असा प्रश्न पुष्कळ घरांत असेल. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढून घ्यावं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली १८ वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. आणि घरातल्या माणसाला फिट येत असेल, तर विहिरीजवळ, चुलीजवळ एकटं सोडू नये, गोळ्या मनानं बंद करू नयेत.

दादाचं प्रमाणपत्र काढायला आम्ही जाणार आहोत. आता पाहुणे आले, की दादा पुढच्या ओसरीवर बसतो. सदऱ्याची बटणं तो स्वतः लावतो. एखादं बटण वरखाली होतं. आईचा हात अजून पुढं जातो, आणि मग ती तो पदरात गुंडाळून घेते.