लिंबू-टिंबू

परवा अंगणात नातवंडांचा लपंडाव रंगला होता. धाकटा तीनदा सापडला, तरी त्याच्यावर राज्य येईना. “तो लिंबू-टिंबू आहे, आजोबा!” मोठीने मला नियम समजावून सांगितला. धाकटा रडवेला झाला होता. त्याला सूट नको होती, राज्य हवे होते. त्याचे ते तोंड पाहून मला नाकाडोंगरीचे गुरुजी आठवले.

1984 सालची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातले, तुमसर-तिरोडी रेल्वेच्या अंगाचे हे गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण. तिथल्या काळ्या धुळीने आमचे धोतर-सदरेच काय, पत्त्यांतल्या राण्याही सावळ्या होत. मी खाणीच्या हिशेबखात्यात होतो. शनिवारी संध्याकाळी क्लबात ब्रिजची चार टेबले लागत. इंजिनियर, डॉक्टर, पोस्टमास्तर, तुमसरचे एक वकील, आणि गावातले गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांना सारे गुरुजीच म्हणत. हिशेबनीस म्हणून गुणांची वही साहजिकच माझ्या गळ्यात पडली.

आमच्या ब्रिजमध्ये ‘आज पानेच आली नाहीत’ या सबबीला फारसा वाव नसे. वाटलेली पाने जशीच्या तशी बोर्डात घालून टेबलाटेबलांवर फिरत. असे 21 डाव. तुमची तुलना व्हायची ती तीच पाने खेळलेल्या इतर तीन जोड्यांशी. मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीमागे 2 गुण, बरोबरीला 1. रात्री मी साऱ्यांची शेकडेवारी काढी. 50 म्हणजे मध्यम खेळ.

पण दर शनिवारी त्याच दोन जोड्या पहिल्या येऊ लागल्या, आणि बाकीचे जांभया देऊ लागले. तेव्हा आम्ही हँडिकॅप सुरू केला. मुंबईला महालक्ष्मीच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. आम्ही उलट कच्च्या खेळाडूला गुण द्यायचे ठरवले. प्रत्येकाच्या गेल्या 10 शनिवारांची सरासरी काढायची, ती 60 मधून वजा करायची, आणि उरेल त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे त्याचा हँडिकॅप. जोडीला दोघांचा मध्य. सरासरी 57 असेल त्याला 2, आणि 42 असेल त्याला 12. पूर्ण फरक का देत नाही, असे पोस्टमास्तरांनी विचारले. पूर्ण दिला तर चांगले खेळण्याला किंमतच उरणार नाही! दोन-तृतीयांशात पक्का खेळाडू थोडा पुढेच राहतो. पण कच्चा माणूस त्या दिवशी स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा बराच वर चढला, तर जिंकतो. शिवाय बिनसुटीचे बक्षीस वेगळे होतेच.

गुरुजींचा हँडिकॅप 2. क्लबातला सर्वांत लहान आकडा! पण उन्हाळा सरला आणि त्यांची सरासरी उतरू लागली. हँडिकॅप 4 झाला, मग 6, मग 8. ज्यांनी आम्हा निम्म्या लोकांना ब्रिज शिकवले, त्यांच्या नावापुढे तो आकडा लिहायला माझा हात धजेना. मी आपला दर आठवड्याला 4 च लिहीत राहिलो. मनातून स्वतःच्या सौजन्यावर खूषही होतो.

दिवाळीच्या स्पर्धेची यादी फळ्यावर लावली, तसे गुरुजी वहीचा कागद घेऊन आले.

“काहून जी, हिशेबनीस, वजाबाकी विसरले का? साठातून पंचेचाळीस गेले, राहिले पंधरा. पंधराचे दोन-तृतीयांश दहा. तुम्ही चार लिहिले.”

“गुरुजी, तुम्हाला दहाची सूट द्यायची म्हणजे...”

“म्हणजे खरा आकडा. त्या दहानं मी तुमच्या बरोबरीनं खेळलो असतो. या चारानं तुम्ही मले लिंबू-टिंबू करून ठेवलं.” मग जरा थांबून म्हणाले, “अन् इतका घसरलो, ते मले आज समजलं. दिव्याखाली चौकट अन् बदाम सारखेच दिसतात आताशा.”

शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर पाने खाली ठेवून उठले. त्यांनी विजेरी मागवली, गुरुजींचे डोळे पाहिले. मोतीबिंदू!

पावसाळ्यातच मी 8 लिहिला असता, तर गुरुजींनी तेव्हाच विचार केला असता. माझ्या सौजन्याने त्यांचे दोन-तीन महिने अंधारात गेले.

त्या दिवाळीत ते 10 च्या हँडिकॅपने खेळले आणि तिसरे आले. पुढे नागपूरला शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून ते परतले, आणि होळीनंतर त्यांची सरासरी 54 वर स्थिरावली. हँडिकॅप 4. तो लिहिताना मी दोनदा वजाबाकी केली.

हे सारे मनात येऊन गेले, आणि मी मोठीला हाक मारली. “त्याच्यावर राज्य येऊ दे. तुम्ही शंभर मोजता ना? त्याने वीसच मोजावेत.” तिला ते पटले. धाकटा डोळे पुसून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेरानंतर एकदम सतरा म्हणाला, पण केवढ्या ऐटीत!