नाहीशा झालेल्या

मराठीत गुरे हरवतात, जिन्नस हरवतात, जत्रेत मूल हरवते. पण वयात आलेली स्त्री सहसा हरवत नाही. ती 'निघून जाते', 'पळून जाते', फार तर 'नाहीशी होते'. ह्या क्रियापदांकडे जरा निरखून पाहावे. पहिल्या दोहोंत सारा बोल तिच्यावर येतो, तिसऱ्यात कोणावरच येत नाही. 'पळविली' हा शब्द आहे खरा. पण तो उच्चारला की 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या आळीतच राहत असते.

बीदर-कलबुर्गीकडच्या मुलखात, जेथे एकाच ओसरीवर मराठी, कानडी आणि दखनी उर्दू सुखाने नांदतात, 'पोलिस ॲक्शनचे साल' ही वडीलधाऱ्यांच्या कालगणनेची खूण असे. कोणाचा जन्म, कोणाचे लग्न, कोणती विहीर बुजविली, हे सारे त्या सालावरून सांगत. विहीर का बुजविली हे मात्र सांगत नसत.

ते मला पुढे कागदांतून कळले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी ह्याच मुलखात अनन्वित जुलूम केले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यातला गोरट्याचा प्रसंग बीदर जिल्हा विसरलेला नाही. मात्र सूड उगवला तो बहुतांशी रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेल्या मुसलमान कुटुंबांवर. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे सरकारच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये नऊ जिल्हे हिंडले. त्यांच्या अंदाजाने मृतांची संख्या २७ ते ४० हजार. त्यांतील किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांतले. बायकांवरील अत्याचार, विहिरींतली प्रेते, सोलापूर-नागपूरपर्यंत पळवून नेलेल्या स्त्रिया, हेही त्यांनी लिहिले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातले आणि नेलेल्या बायका परत आणण्यास पुष्कळ हिंदूंनी हात दिला, हेही लिहिले. परंतु त्या बायकांची नावनिशीवार यादी त्यात नाही. अहवाल स्वतःच कित्येक दशके दप्तरात निजला होता.

फाळणीत पळविलेल्या स्त्रियांसाठी १९४९ साली कायदा झाला. मृदुला साराभाईंनी त्या शोधासाठी अपार श्रम घेतले. १ मार्च १९४७ पासून १९४८ अखेरपर्यंत पळविलेल्यांना तो लागू होता. कालमर्यादेत आमचा सप्टेंबर बसतो. पण कायद्याची हद्द संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू आणि राजस्थान एवढीच. हैदराबाद तीत नव्हते. असते तर सारे भले झाले असते असेही मी म्हणणार नाही. त्या कायद्याने स्त्रीला स्वतःची इच्छा ठेवली नव्हती. कोठे जावयाचे ते लवाद ठरवी. मूल झाले, चूल मांडली, आता मला नेऊ नका, असे म्हणणाऱ्या बाईचे काय करावयाचे, ह्याचे उत्तर त्यापाशी नव्हते. तरी निदान कोणीतरी दारे ठोठावली असती, नावे विचारली असती!

येथे फिर्याद कोणी द्यावयाची? घरातला पुरुष मारला गेलेला. दीर, भाऊ उरला तर तो गाव सोडून गेलेला. आणि जो उरला त्याला आपल्या घरची बाई 'तशी' राहिली हे फौजदारासमोर म्हणवत नसे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हाच तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, काही भाग आंध्रात गेला आणि उरलेला म्हैसुरात. बहीण भालकीहून नेलेली, भाऊ उदगिरास राहिलेला. त्याने कोणत्या राज्याच्या कचेरीत अर्ज करावा?

सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो कायद्याने मृत मानता येतो. इस्टेटीच्या वाटपास ही सोय बरी. ह्या बायकांच्या नावे इस्टेट नव्हती, म्हणून त्यांना मृत ठरविण्याचीही कोणाला गरज पडली नाही.

तेव्हा सोळा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली असेल. एखादी अजून सोलापूरच्या एखाद्या चाळीत, दुसऱ्याच नावाने, नातवंडांत बसलेली असू शकेल. तिच्या बोलण्यात दखनीचा एखादा शब्द मधूनच येत असेल. आणि आजीला हा शब्द कोठून आला, असे घरात कोणी विचारीत नसेल.