पाठ टेकल्यावर

कुशावर्तात आधी कोणी उतरायचं, यावरून 1789 च्या सिंहस्थात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी शस्त्रं घेऊन एकमेकांवर तुटून पडले. एका ताम्रपटात बारा हजार माणसं पडल्याचं म्हटलं आहे. जुने आकडे फुगतात, हाही फुगला असेल. पण निकाल मात्र लागला नाही. शेवटी जागाच वाटून द्यावी लागली: शैवांनी त्र्यंबकला नाहायचं, वैष्णवांनी नाशकात, रामकुंडावर. आजही तसंच चालतं. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसलं की वाटतं, झुंज सुरू करायला कुणीही पुरतं, ती संपली हे सांगणारा मिळणं अवघड.

मातीच्या कुस्तीनं हा प्रश्न किती सहज सोडवला! यात्रेतल्या नारळावरच्या कुस्त्यांपासून मी हे बघत आलो. हलगी कडाडते, शड्डू घुमतात, खडाखडी लांबते, आणि कुणीतरी घिस्सा मारतो. हरलेला पोरगा उठून उभा राहतो तेव्हा पंच त्याला नुसता पाठमोरा करतात. तेल, ताक, हळद मुरलेली ती माती घामावर पक्की बसलेली असते. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांवर लाल ठसे. मग वाद घालायला जागाच उरत नाही. निकाल मातीनं दिलेला असतो.

या ठशाची धास्ती मोठमोठ्यांना होती. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानापुढे पोलंडचा झिबिस्को उभा राहिला. उभा कसला, जवळजवळ सगळा वेळ पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून जास्त! पाठ दिसू द्यायची नाही, एवढाच त्याचा डाव. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि आठवड्यानं पुन्हा भिडायचं ठरलं तेव्हा गडी आलाच नाही.

आणि मग पाठीवर आपणहून पडणारी माणसं आली. 26 जून 1976 ला टोकियोत मुष्टियोद्धा मोहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी समोरासमोर आले. इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ गादीवर पाठ टेकून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. अली वरून टोमणे मारतोय, उठून उभा राहा म्हणतोय, इनोकी ढिम्म. लढत बरोबरीत सुटली, लोकांनी कचरा फेकला. करमणूक म्हणून ती भिकारच होती, पण अलीचे पाय चांगलेच सुजले. तेव्हा लोकांना त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही. मिश्र युद्धकलांचा इतिहास सांगणारे आता त्या रात्रीला मानाचं पान देतात.

त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला गेला. समोर अक्रम, गामाचा सख्खा पुतण्या. इनोकीनं त्याचा हात मागे पिळला. हा पेच किमुराच्या नावानं ओळखला जातो. 1951 मध्ये रिओत जपानच्या मासाहिको किमुरानं एलिओ ग्रेसीचा हात त्यातच मोडला होता. तिथे एलिओनं हार मानली नाही, त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला. अक्रमनंही शरणागतीची थाप मारली नाही. हात गेला.

एलिओच्याच मुलानं, रॉईसनं, 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे मिश्र युद्धकलांची स्पर्धा, जिंकली. वजनी गट नव्हते, आणि हा किडकिडीत गडी पाठीवर पडूनही गळा आवळायला शिकलेला. त्याच्यापुढे आर्ट जिमर्सन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला. रॉईस त्याच्या छातीवर बसला मात्र, जिमर्सननं थाप मारून टाकली. अजून पेचही लागला नव्हता!

हा तुकडा मी ओळखीच्या एका वस्तादांना मोबाइलवर दाखवला. "अरे, ह्याला लागलंय कुठं? मग हात का आपटला?" अक्रमची गोष्ट सांगितल्यावर मात्र त्यांनी मान डोलावली. "तो खरा पैलवान." मला ते पटत नाही. छातीवर बसलेला माणूस पुढे काय करणार हे ओळखून वेळीच हात आपटणारा जिमर्सन मला जास्त शहाणा वाटतो, भले त्याच्यावर जग हसलेलं असो. निकाल मातीवर, पंचावर किंवा हाडांवर न सोडता त्यानं तो स्वतः दिला.

मग त्यांना भारत खंडारेची लढत दाखवली. मुंबईचा, कुस्तीतून आलेला. 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये तो यूएफसीत उतरला, आणि चीनच्या एकोणीस वर्षांच्या साँग यादाँगनं पहिल्याच फेरीत त्याचा गळा काखेत धरून लढत संपवली. वस्तादांनी तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन पाहिला. पाठ कुठे टेकली, याबद्दल अवाक्षर नाही; मान कशी सापडली, एवढंच बघत होते.

आता तालमीत कोणी मान खाली घालून पटात शिरला की वस्ताद आरडतात, "मुंडी वर! गळा देतो का त्याला?" मातीच्या कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे, तरीही.