फंक्शन कुठल्या तऱ्हेनं लिहावं

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिण्याच्या तऱ्हा अनेक, आणि नवशिके विचारतात, यातली चांगली कुठली? मी उलट विचारतो, वाचणाऱ्याला काय कळायला हवंय?

या अनेकपणाचं मूळ जुनं आहे. ब्रेंडन आइकनं १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला. वरिष्ठांना ती जावासारखी दिसायला हवी होती, आइकला ओढ स्कीम या भाषेची. त्यामुळे महिरपी कंस आले, पण फंक्शन मात्र आकड्यासारखं व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, दुसऱ्या फंक्शनच्या हाती देता येतं.

माझा कल जुन्या डिक्लरेशनकडे. ‘फंक्शन’ हा शब्द, पुढे नाव, संपलं. कोड चालू होण्याआधीच इंजिन त्याची नोंद घेतं (यालाच हॉइस्टिंग म्हणतात), म्हणून ते फाइलच्या तळाशी लिहून वर वापरता येतं. या सोयीला काही जण नाकं मुरडतात. मला ती फार आवडते: फाइल उघडताच मुख्य काम दिसतं, बारकावे खाली. तेच फंक्शन ‘कॉन्स्ट’मध्ये ठेवलं, तर त्या ओळीआधी हाक मारताच एरर.

२०१५ मध्ये ॲरो फंक्शन आलं आणि खरी अडचण सुटली. त्याआधी टायमरला दिलेल्या फंक्शनात ‘धिस’ (फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालतंय तो दाखवणारा शब्द) भलतीकडेच बोट दाखवायचं. म्हणून आम्ही आधी ‘सेल्फ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ते जपून ठेवायचो. ॲरोला स्वतःचं ‘धिस’ नसतंच, ते भोवतालचं घेतं. यादी गाळताना, टायमर लावताना याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. पण म्हणून ऑब्जेक्टची मेथडही ॲरोनं लिहिली, की ‘धिस’ला तो ऑब्जेक्ट सापडत नाही. ॲरो दिसायला आखूड असलं तरी ते ‘फंक्शन’ शब्दाचं लघुरूप नाही, हे इथे कळतं.

आणखी एक गंमत. बटणाला क्लिकसाठी जागच्या जागी ॲरो लिहून दिलं आणि नंतर तोच मजकूर पुन्हा देऊन ते काढून टाकायला गेलं, तर ते निघत नाही. अक्षरं तीच, फंक्शन दुसरं. काढायचं असेल तर आधी व्हेरिएबलमध्ये ठेवावं लागतं.

कोड तपासणाऱ्या ईएसलिंटमध्ये सगळ्यांना एकाच तऱ्हेला बांधणारा नियम आहे. मी तो बंदच ठेवतो.