नावापुरतं मांजर

कोकणात याला कांडेचोर म्हणतात, शहरात उदमांजर. पहिली ओळख बहुधा आवाजानेच होते. मध्यरात्री माळ्यावर कोणीतरी जड पावलांनी येरझाऱ्या घालतं, मधेच कौल सरकतं. घरातली नवी सून घाबरते. म्हातारी माणसं ‘आला वाटतं’ म्हणून कूस बदलतात. माळा आपला वडिलोपार्जित आहे, खालची मंडळी भाडेकरू, असा याचा पक्का समज.

ध्यान पाहावं तर लांबोडकं अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती चोराला शोभणारा काळा मुखवटा आणि जवळजवळ देहाएवढी शेपटी.

गणती मांसभक्षकांत, पण जीव फळांवर. उंदीर, सरडे, किडे चालतात. पपई, चिकू, भेरली माडाची फळं पिकली की मात्र बाकी सगळं मागे पडतं. त्यातही चोखंदळ, नेमकं पिकलेलंच घेणार. माडीच्या मडक्यात तोंड घालण्याचीही ख्याती आहे. गिळलेल्या बिया मैलभर फिरून शाबूत बाहेर पडतात आणि जंगलाची फुकट पेरणी होते. याच्या विष्ठेतून वेचलेल्या कॉफीच्या बियांना जगात सोन्याचा भाव आला, आणि इंडोनेशियात याच्या भाईबंदांच्या नशिबी पिंजरे आले. जिभेचं कौतुक असं अंगाशी येतं.

वासाचा तोरा वेगळाच. स्वस्थ असला तर आसपास बासमती शिजतोयसं वाटतं. डिवचला तर नाक धरून पळावं लागतं. शेपटीखालच्या या गंधग्रंथी नर-मादी दोघांनाही असतात आणि वृषणांसारख्या दिसतात. त्यामुळे १७७७ साली पीटर पाल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने शास्त्रीय नावात याला चक्क उभयलिंगी ठरवून टाकलं. ते नाव अजून चिकटून आहे.

पण खरी गोम भावकीत आहे. मांजर ही वाघाची मावशी. हा मात्र त्या घराण्यात थेट बसतच नाही. मांजर, मुंगूस, तरस आणि हा, सगळ्यांचा मूळपुरुष एकच. वाटण्या झाल्या तेव्हा याची शाखा मुंगूस-तरसांच्या बाजूला गेली. मांजरांची सख्खी चुलत शाखा निघाली ती लिनसँगची. हा ठिपकेदार, सडपातळ, लाजाळू प्राणी आपल्याकडे सिक्कीम-अरुणाचलच्या रानात राहतो. २००३ साली फ्रेंच संशोधकांनी जनुकं तपासून हे नातं जुळवलं. तोवर त्या बिचाऱ्या लिनसँगला सगळे उदमांजराच्याच खानदानातलं समजत होते.